दहावा पाट

२० जानेवारी, सोमवार

वैजयंती मॅडमनी आज एक वही दिली. अमृता घरी काय वाचते, काय मोजते, कुठं अडते, रोज दोन ओळी लिहून आणा म्हणाल्या. मी हो म्हटलं आणि वही पिशवीत टाकली. लिहायला बसणं आपल्याला जमत नाही, बूड टिकत नाही. म्हणून फोनला सांगून राहिलो. तिरुपूरला मी कामाला असतो, तिथं खोलीतल्या पोरांनी दाखवलं होतं, माइक दाबायचा, बोलायचं, फोन आपोआप लिहितो. काय लिहिलं ते मी परत बघत नाही. टाइम नाही.

टाइम नाही म्हणणं पण खोटंच. टाइमच टाइम आहे. तिकडं आमच्या डाइंगच्या, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात नवीन बॉयलर बसवून राहिले, तोवर काम बंद. सुकलालभाऊ आम्हा बावीस जणांना तिकडं घेऊन गेलेला मुकादम, तो म्हणाला घरी जाऊन या, मी फोन करीन. आज नववा दिवस. इथं गावात, दापोऱ्यात, दुपार सरत नाही. तीन वेळा चौकात जाऊन आलो. माय म्हणते, पायाला भिंगरी लावून आला का.

अमृता माझ्या दादाची पोरगी. नऊ वर्षांची, तिसरीत. बोलायला बसली तर समोरच्याला गप करेल, पण पुस्तक उघडलं की तिचीच बोलती बंद. शाळेतल्या सरांनी मंद म्हणून सांगितलं. वैजयंती मॅडम म्हणतात मंद बिलकुल नाही, डोकं तल्लख आहे, फक्त अक्षरं ओळखायचा तिचा रस्ता वेगळा आहे. मॅडमचं घर बुऱ्हाणपुरात शनवारा चौकाजवळ. पुढच्या खोलीत दहा पाट मांडलेले, म्हणून दहाच पोरं, अकरावं घेत नाहीत. खर्च एक संस्था करते. अमृताचा पाट दहावा, दाराजवळचा.

दादाची केळीची कापणी चालू, वहिनीच्या कडेवर चार महिन्यांचा पोरगा. म्हणून सोमवार, बुधवार, शुक्रवार ने-आण माझ्या गळ्यात.

२२ जानेवारी, बुधवार

क्लास चालू असला की बाहेर ओट्यावर बसायचं. सोबतीला वामनबाबा, इच्छापूरहून नातवाला घेऊन बसने येतात. नातू रोहित बारा वर्षांचा, तोंडी हिशेबात मला हरवतो आणि स्वतःचं नाव लिहिताना घामाघूम होतो. बाबा म्हणाले, आमच्या टाइमाला पाटीवर लिहून मार खाल्ला, आता ही मास्तरीण ताटातल्या रेतीत लिहायला लावते आणि वरून शाबासकी देते, आपण चुकीच्या वर्षी जन्मलो.

खिडकीतून सगळं दिसतं. अमृता रेतीत बोटानं अक्षर काढते आणि तोंडानं त्याचा आवाज करते. मग काड्या. दहा काड्यांची जुडी, वर सुट्या काड्या. मॅडम तेवीस म्हणाल्या, तर तिनं कागदावर बत्तीस लिहिले. मॅडम रागावल्या नाहीत. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, तेवीस बोलताना तीन आधी येतात आणि वीस नंतर, ती ऐकते तशी लिहिते, यात तिचं काय चुकलं?

एक पोरगं वाचताना ओळ सोडून खालच्या ओळीत शिरत होतं. मॅडमनी जुन्या लग्नपत्रिकेला चीर पाडून त्याच्या पुस्तकावर ठेवली, एका वेळी एकच ओळ दिसते. मला हसू आलं. क्लास सुटल्यावर ती पत्रिका मी सहज हातात घेतली आणि पुस्तकावर ठेवून पाहिली. ओळ हलायची थांबते. भारी चीज आहे. सगळ्यांनाच वाटली पाहिजे, ओळी तर सगळ्यांच्याच हलतात.

मॅडमनी वहीचं विचारलं. घरी राहिली म्हटलं.

२४ जानेवारी, शुक्रवार

परत वहीचं विचारलं. परत घरी राहिली.

२७ जानेवारी, सोमवार

सुकलालभाऊला मीच फोन लावला. बॉयलर आला, बसवायचा बाकी. म्हणाला, घरचं जेवण गोड लागत नाही का रे तुला?

मला तिकडं बरं वाटतं, हे इथं कोणाला सांगून उपयोग नाही. बसवर तामिळ, दुकानावर तामिळ, कागदावर तामिळ. कोणालाही विचारावं, ही बस कुठं जाते, तर कोणी हसत नाही. तिकडं आम्ही बावीसच्या बावीस अडाणी. इथं शनवाऱ्यावर उभं राहून तेच विचारलं तर लोक वरपासून खालपर्यंत बघतात.

मॅडमनी आज सगळ्यांना एकेक कागद दिला. नीट वाचा म्हणाल्या, काही विचारायचं असेल तर आत्ताच विचारा, दहा तारखेला संस्थेच्या प्रतिभा मॅडम इंदूरहून येणार, एकेका मुलाला वाचायला लावणार. वामनबाबांनी चष्मा लावून तिथंच वाचला आणि म्हणाले, आमचा रोहित काही इतक्यात सुटत नाही. आणि हसले. नातू नापास होणार म्हणून हसणारा आजोबा मी पहिल्यांदा पाहिला.

माझ्याकडे बघून मॅडमनी विचारलं, तुम्ही वाचलं ना? मी घडी खिशात घालत वाचलं म्हणालो. कागदात दुसरं काय असणार. परीक्षा आहे, जो नापास त्याचा पाट गेला. शाळेतून मला मिळालेल्या प्रत्येक कागदाचा मतलब हाच होता.

२८ जानेवारी, मंगळवार

शर्ट धुण्यात गेला. कागदाचा लगदा झाला. वहिनी म्हणाली, भाऊजी, खिशात काही महत्त्वाचं होतं का? नाही म्हटलं.

जेवताना दादानं क्लासचा विषय काढला. इंदूरच्या बाई येऊन काय सांगतात ते बघू, म्हणाला, फायदा दिसत नसेल तर बंद करू. तू गेल्यावर ने-आण कोण करणार? जूनपासून शाळा पण राहू दे, घरी राहून आईला हातभार लावेल. वहिनी पोराला घेऊन आत गेली. अमृता भाकरी कुस्करत होती. कुस्करून कुस्करून तिचा भुगा केला आणि खाल्लीच नाही.

तो पाट जाता कामा नये. बाकी काही असो.

३१ जानेवारी, शुक्रवार

वावरात ट्रक भरायला होता. अमृताला क्लासहून सरळ तिकडंच नेलं. आमच्याकडे घड मोजायची रीत अशी, हमाल घड वर देतो, मोजणारा खाली उभा, दर वीस घडांना ट्रकच्या साखळीला सुकल्या पानाची एक पट्टी बांधायची. वीस म्हणजे एक कोडी. शेवटी पट्ट्या मोजल्या की झालं. मोजणारा गोटू तंबाखू मळत मळत मोजतो. शेवटी म्हणाला, नऊ कोडी पुऱ्या. अमृता वावराच्या धुऱ्यावर बसल्या बसल्या म्हणाली, नऊ कोडी आणि चार. गोटू म्हणाला, पोरी, मी वीस वर्षं मोजून राहिलो. दादानं परत मोजायला लावलं. नऊ कोडी आणि चार निघाले.

मग सगळे मिळून किती घड म्हणून मी विचारलं, तिनं लगेच एकशे चौऱ्याऐंशी सांगितलं. हवेत बोटानं काड्यांच्या जुड्या मांडत होती.

दादा खूश झाला, पण लगेच म्हणाला, मोजता येतंय म्हणून वाचता येईल असं नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

वामनबाबांकडून कळलं. प्रतिभा मॅडम दर वर्षी येतात आणि ठरलेलीच कार्डं असतात. गोष्टींची चार कार्डं, वर चित्र, खाली हिंदीत आठ-नऊ ओळी, इकडं शाळा हिंदीतच असते. त्यांचा एक संच वैजयंती मॅडमच्या कपाटातच असतो, लाल पुठ्ठ्यात.

मॅडम मुलांना हात धुवायला मागं घेऊन गेल्या तेवढ्यात मी आत गेलो. चारही कार्डांचे फोटो काढले. बकरीचं, पतंगाचं, नावेचं, कंदिलाचं.

चोरी म्हणा. त्या पोरीला पाटावरून उठवणार असतील, तर मी पण काही साधू नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

फोनला फोटो दाखवला की तो बोलून दाखवतो. घाई होती म्हणून मी फोनकडूनच वाचून घेतलं. दोनदा ऐकलं, चारही गोष्टी पाठ झाल्या. माझं असंच आहे, दोनदा कानावरून गेलं की बसतं. सातवीपर्यंत असाच गेलो. पानावरचं चित्र बघायचं आणि सुरू करायचं. आठवीत मास्तर बदलले, चित्र झाकून वाच म्हणाले, मग मी कामाला लागलो.

अमृता माझ्यासारखीच निघाली. काल दोन, आज दोन, चार गोष्टी तयार. गोठ्यामागं बसलो होतो. पण पोपटासारखी घडघड म्हणायला लागली. मी म्हटलं, असं नाही, असं कोणी वाचत नसतं, पकडली जाशील. बोट ठेव, बोट सावकाश सरकव. तिसऱ्या ओळीत थांब. एक शब्द अर्धा म्हण, मग पुरा म्हण. एका ठिकाणी बाईंना विचार, हे काय आहे? म्हणजे बाकीचं येतं असं त्यांना वाटेल.

ती म्हणाली, तुला हे कोणी शिकवलं?

कोणी नाही म्हटलं. असंच कळतं.

म्हणाली, मॅडमच्या रेतीपेक्षा हे सोपं आहे. आणि पहिल्यांदा मोठ्यानं हसली. कितीतरी दिवसांनी कोणाच्या कामाला आलो असं वाटलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

झालं. आतल्या खोलीत प्रतिभा मॅडम एकट्या बसल्या, मुलं एकेक करून आत. वैजयंती मॅडमना पण आत थांबायची परवानगी नाही. अमृता आत गेली तशी मी ओट्यावरून उठलो, गल्लीच्या टोकापर्यंत गेलो, परत आलो, परत गेलो. वामनबाबा म्हणाले, बस रे, पोरगी बाळंत होऊन नाही राहिली.

बाहेर आली ती उडी मारतच. पाठोपाठ प्रतिभा मॅडम, हसऱ्या. बकरीचं कार्ड आलं होतं. सगळ्या मुलांसमोर त्यांनी टाळ्या वाजवायला लावल्या. हिशेब पण फटाफट सांगितला म्हणे. वैजयंती मॅडम टाळ्या वाजवत नव्हत्या. अमृताकडे बघत होत्या, मग माझ्याकडे. त्यांना माझं तोंड वाचता येत असेल तर येवो, पाट वाचला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दादानं बुऱ्हाणपुरातून मावा जलेबी आणली. मायनं शेजारी-पाजारी वाटली. येईल त्याला दादा सांगतो, इंदूरच्या बाईंनी स्वतः टाळ्या वाजवल्या. कोणी म्हणालं वाचून दाखव, तर अमृतानं बकरीची गोष्ट म्हणून दाखवली, हातात पुस्तक नव्हतं तरी. कोणाच्या लक्षात आलं नाही. वहिनीच्या आलं की काय माहीत नाही. ती माझ्याकडे एकदा बघून चुलीकडे वळली.

सुकलालभाऊचा फोन आला. बॉयलर चालू. रविवारचं तिकीट काढलं, भुसावळहून गाडी. दोन दिवसांत तिकडं. मला आनंद व्हायला पाहिजे होता.

१२ फेब्रुवारी, बुधवार

क्लास सुटल्यावर वैजयंती मॅडमनी मला थांबवून घेतलं. अमृताला मागं झोक्यावर पाठवलं. म्हणाल्या, एक तारखेपासून अमृताचा पाट तुकईथडच्या एका मुलीला मिळणार.

मला वाटलं ऐकण्यात चुकलं. म्हटलं, ती तर पास झाली.

"म्हणूनच," मॅडम म्हणाल्या. "ज्याला वाचता येतं त्याला इथं बसवून काय करायचं? ज्याला येत नाही, पाट त्याचा. कागदात पहिल्याच ओळीत होतं."

वामनबाबा का हसले ते आत्ता डोक्यात शिरलं.

मॅडमनी खरं काय ते सांगा म्हटलं नाही. त्यांनी एवढंच सांगितलं की आज त्यांनी अमृताला दुसऱ्या गोष्टीचं पान दिलं होतं, आणि तिनं पोटात दुखतं म्हणत पान पालथं ठेवलं. मग म्हणाल्या, वही कोरी असणार हे मला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं, नीलेश, मी तुम्हाला विचारायला हवं होतं, ते राहून गेलं. इतकं हळू बोलल्या की मला राग पण काढता येईना.

मी फोटोंचं सांगून टाकलं. गोठ्यामागचं पण. थांबायचं कुठं, विचारायचं कुठं, सगळं. मॅडमनी डोळे मिटून घेतले. म्हणाल्या, इतकी मेहनत. यादी शनिवारी पक्की होते, त्या दिवशी प्रतिभा मॅडम परत इथं येणार. तेव्हा परत वाचून घेता येईल, पण आई-बापाची हरकत नको, आणि मुलगी स्वतः पाटावर बसली पाहिजे.

येताना गाडीवर अमृता मागं बसून बकरीची गोष्ट गुणगुणत होती.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

अमृताला समजावलं. म्हटलं, शनिवारी परत बसायचं, या वेळी येत नाही तिथं येत नाही म्हणायचं, मग तुझा पाट राहील. ती म्हणाली, मला येतं.

म्हटलं, ते पाठ आहे.

"तूच म्हणाला होता कोणाला कळणार नाही."

म्हटलं, कोणाला नाही कळलं, पण तुला वाचता येत नाही ना. तर तिनं माझ्या अंगावर तांब्या फेकला. टाळ्या तिला मिळाल्या होत्या, त्या मी परत मागून राहिलो, असंच ते होतं. नऊ वर्षांत तिला तेवढ्याच मिळाल्या होत्या.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दादाला वावरात गाठून सांगितलं. तो घडाखालचं पान कापत होता, कापतच राहिला. मग कोयता मातीत रोवला. म्हणाला, माझ्या पोरीला वाचता येतं, साऱ्या गावानं ऐकलं. म्हटलं, गावानं ऐकलं, बघितलं नाही. मग तो जे बोलला ते बोलला. तुला शिकायचं नव्हतं, उनाडक्या करायच्या होत्या, पळून गेला. आता ती शिकली तर तुझ्या पोटात दुखतं. शनिवारी मी स्वतः येतो, बघू कोण खोटं.

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं, मी का पळालो ते. केळीच्या दोन ओळी पलीकडे जाऊन उभा राहिलो. घरी आलो तर बॅग भरायला घेतली, अर्धी भरली, परत रिकामी केली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

हे नीट सांगतो.

दादा, अमृता आणि मी एकाच मोटरसायकलवर गेलो. मॅडमच्या घरी बाकी मुलं नव्हती. प्रतिभा मॅडम, वैजयंती मॅडम आणि आम्ही तिघं. अमृता तिच्या पाटावर बसली, हाताची घडी, हनुवटी वर. प्रतिभा मॅडमनी नवीन कार्ड ठेवलं. त्याच्यावर चित्र नव्हतं.

दादा भिंतीला टेकून उभा होता. म्हणाला, वाच बेटा, या लोकांना ऐकू दे.

अमृतानं बोट ठेवलं. मला कळलं ती काय करणार. 

"बकरी के गले की घंटी कहीं गिर गई थी," ती वाचायला लागली. बोट सावकाश सरकत होतं. तिसऱ्या ओळीत थांबली. एक शब्द अर्धा म्हटला, मग पुरा. मग मान वर करून प्रतिभा मॅडमना विचारलं, हे काय आहे? जसं शिकवलं होतं तसं, एक कण इकडचा तिकडं नाही.

दादा दोन पावलं पुढं आला आणि वाकून कार्ड पाहिलं. दादाला वाचता येतं. तो बघतच राहिला. कार्डावर बकरी कुठंच नव्हती.

अमृतानं त्याचं तोंड पाहिलं. बोट कार्डावरच राहिलं, आवाज बंद. कोणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. तिचा खालचा ओठ असा आत गेला की मला तो आठवीचा वर्ग आठवला, चित्रावर ठेवलेला मास्तरांचा हात.

मी तिच्या बाजूला खाली बसलो. कार्ड माझ्यासमोर ओढलं आणि प्रतिभा मॅडमना म्हटलं, आधी मी वाचतो.

पहिला शब्द मी पाच वेळा सुरू केला. क आणि उकार दिसला, पुढचं जोडाक्षर नुसतं वळवळ करून राहिलं. कपाळाला घाम. मागं दादाचा श्वास ऐकू येत होता. ओळ सुटली, खालच्या ओळीत गेलो, परत वर आलो. अंदाजानं एक शब्द म्हटला, तो पण चुकला. गोष्ट कोणाची आहे हे पण मला कळत नव्हतं, तरी मी उठलो नाही. उठावंसं लई वाटत होतं. सातवीनंतर पंधरा वर्षं झाली, पंधरा वर्षांत मी कुठंच इतका वेळ एका जागी बसलो नसेन.

अमृता माझ्याकडे बघत होती. मग तिनं बोट उचललं आणि त्या पहिल्या शब्दाखाली ठेवलं.

"एवढंच बघ," म्हणाली. "पुढचं नको बघू. आधी आवाज काढ."

ती आवाज काढायला लागली, मी तिच्या मागं. रेतीत गिरवताना काढते तसा, एकेक. कु. मग म आणि ह, दोन्ही चिकटलेले. मग आ, मग र. कुम्हार. दोघांनी मिळून एक शब्द. पुढचे दोन तिनं एकटीनं लावले, का आणि गधा. चौथ्यावर अडली. मला पण येत नव्हता. ती प्रतिभा मॅडमकडे बघून म्हणाली, हे आम्हाला येत नाही.

प्रतिभा मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं. पाट अमृताकडेच राहील म्हणाल्या, पुढच्या फेब्रुवारीपर्यंत. तुकईथडच्या मुलीला निरोप गेला होता, आता तिला थांबा म्हणून सांगावं लागेल, त्यांच्या आवाजात त्याचा त्रास होता. त्या मुलीचं नाव पण मला माहीत नाही. तिच्या घरी पण कोणी काही गोड वाटलं असेल.

निघताना वैजयंती मॅडम दादाशी बोलल्या, काय ते मी ऐकलं नाही. माझ्या पाठीवर हात ठेवला फक्त.

घराकडे येताना दादानं मधेच गाडी थांबवली. अमृताला उसाच्या रसाला पैसे देऊन पुढं पाठवलं. मग विचारलं, सातवीपर्यंत तुझं कोण वाचत होतं?

"तूच," मी म्हटलं. "आपली दोघांची पुस्तकं एकच होती, तू रात्री धडे मोठ्यानं वाचायचा. तू नापास होऊन माझ्याच वर्गात आला होता ना. मी अंथरुणात पडून ऐकायचो."

गाडीला किक मारली, लागली नाही, परत मारली.

गावात शिरलो तर पारावरच्या लोकांनी अमृताला हाक मारली, वाचून दाखव म्हणाले. दादा गाडी न थांबवता म्हणाला, ती शिकून राहिली अजून. आणि थोडं पुढं गेल्यावर, माझ्याकडे न बघता म्हणाला, सोमवारपासून ने-आण मी करीन.

१६ फेब्रुवारी, रविवार

अमृता कालपासून माझ्याशी बोलत नाही. वहिनीनं दशम्या बांधून दिल्या. माय रडली, मग म्हणाली, जा, तुला इथं थोडीच करमणार. दादानं स्टेशनला सोडायला गाडी काढली.

पोरगी घराबाहेर आली ती पण माझ्याकडे पाठ करून, गोठ्याच्या खांबाला धरून. मी म्हटलं, जातो. तिनं मान पण हलवली नाही. मी मागं बसलो, दादानं किक मारली, तेव्हा आली आणि माझी बाही धरली.

"तू मला खोटं शिकवलं."

हो म्हटलं.

"तिकडून रोज फोन करायचा. आणि एक ओळ वाचायची. पुस्तकातली नाही, नवीन. रोज नवीन."

तिकडं सगळं तामिळ आहे म्हटलं.

"मग मॅडमकडून कागद पाठवीन फोटो काढून. तुला फोटो काढता येतात, मला पण येतात."

बरं म्हटलं. बाही सोडेना. दादा पुढं बघत होता, पण त्याचे खांदे हलले, हसला असावा.

हे भुसावळच्या फलाटावरून बोलून राहिलो. गाडीला अजून तास आहे. दोन फेऱ्या मारून झाल्या. तिरुपूरला आमच्या खोलीत बीडचा एक पोरगा आहे, त्याला चांगलं वाचता येतं. त्याच्याकडून आधी एकदा ऐकून घेतलं तर ओळ दोन मिनिटांत बसेल, असा विचार आत्ताच येऊन गेला. येऊन गेला, थांबला नाही. ती ऐकताच ओळखेल.